आजारी माणसाची जागा

(मंडळाच्या वर्धापनदिनी नांदेड येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला कोणाला बोलवावे असा प्रश्न पडला तेव्हा चालक भगिनींना माझी आठवण झाली, हा त्यांचा लोभ. मी काही व्याख्याती नव्हे. तीस वर्षे सरकारी कचेऱ्यांतून आस्थापना शाखेच्या टेबलावर बसले, काही वर्षे नांदेडला, काही वर्षे लातूरला. आस्थापना शाखा म्हणजे माणसांच्या नेमणुका, रजा, बदल्या, वेतनवाढी आणि निवृत्ती यांचे कागद जेथे चालतात ती शाखा. माणसे मला चेहऱ्यापेक्षा सेवापुस्तकावरून जास्त ओळखू येत. तेव्हा माझे बोलणे थोडे कागदी वाटले तर सांभाळून घ्यावे.

आजचा विषय मी निवडलेला नाही. कार्यवाहबाई मागच्या महिन्यात घरी आल्या आणि म्हणाल्या, "काकू, यंदा आरोग्यावर किंवा आहारावर नको. आमच्यापुढे एक अडचण आहे, तिच्यावर बोला." अडचण अशी की, आपल्या गृहउद्योग विभागात पापड, शेवया, चटण्या करायला ज्या भगिनी रोजाने येतात, त्यांपैकी एकीला मोठा आजार निघाला आहे. तिने तो आपण होऊन अध्यक्षबाईंना सांगितला. तिला कामावर ठेवावे की नाही यावर कार्यकारिणीत दोन तट पडले आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मला त्या भगिनीचे नाव सांगितलेले नाही, आजार कोणता तेही सांगितलेले नाही, आणि मी विचारलेलेही नाही. हे सर्वांसमोर बोलू का, हे अध्यक्षबाईंनी तिलाच विचारले आणि तिने होकार दिला, म्हणून मी बोलते आहे.

आता काही जणी मान वळवून मागे पाहू लागल्या आहेत. कृपा करून माझ्याकडे पाहा. आज सांगायचे आहे त्यातले अर्धे ह्या मान वळवण्याविषयीच आहे.

पहिली हकीकत माझ्या स्वतःच्या चुकीची आहे, म्हणून ती आधी सांगून टाकते. कचेरीचे नाव घेत नाही. साल १९८६ च्या आसपासचे. आमच्याकडे एक वयस्क शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणत. सकाळी सर्वांच्या आधी येऊन माठ घासावे, पाणी भरावे, टेबले पुसावी, असा त्यांचा नेम. त्या वर्षी मामा खोकू लागले, अंगावरचा सदरा सैल दिसू लागला. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली आणि फुप्फुसाचा क्षय निघाला. मामांनी रजेचा अर्ज दिला, सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले, आणि तो कागद माझ्या टेबलावर आला.

रजा मंजूर करायला साहेबांना काय कळणे आवश्यक होते? अर्जदाराची रजा शिल्लक आहे, वैद्यकीय प्रमाणपत्र आहे, इतकेच. मी मात्र टिपणीत सुवाच्य अक्षरात लिहिले, "सदर कर्मचाऱ्यास क्षयरोग झाला असल्याने." ती फाइल साहेबांपर्यंत जाताना चार टेबलांवर थांबली आणि परत येताना पुन्हा चार टेबलांवर. एवढ्यावरही माझे भागले नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडताना शेजारच्या दोघींना म्हणाले, "अहो, मामांना टीबी निघाला, बिचारे!" भगिनींनो, त्या 'बिचारे' मध्ये माझी खरी कळकळ होती. परंतु संध्याकाळपर्यंत ती बातमी चहावाल्या पोरापर्यंत गेली. मामांनी अजून घरी सुनेलासुद्धा सांगितले नव्हते.

तीन महिन्यांनी मामा कामावर आले. डॉक्टरांनी कामास योग्य म्हणून लिहून दिले होते. त्यांचा पाण्याचा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला होता आणि त्याच्या बुडाला कोणीतरी तांबड्या रंगाचा ठिपका दिला होता. मामांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घरून तांब्या आणू लागले. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी कचेरीतले पाणी तोंडाला लावले नाही. पाणी भरण्याचे काम तर त्यांच्याकडून काढूनच घेतले होते. त्यांना टपाल वाटण्यावर घातले. ज्याची छाती नुकती सावरते आहे त्याला उन्हातान्हात सायकलवर, आणि धडधाकट पोरगा सावलीत माठापाशी! त्या आदेशाचा मसुदा माझ्याच हातचा होता. "प्रशासकीय सोयीस्तव" असे त्यात लिहिले होते.

निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही घ्यायला मी एकदा त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मंडळींनी पाणी दिले, ते प्यायले, सही घेतली. माफी मागायची म्हणून मनात ठरवून गेले होते. ते राहिले ते राहिलेच.

आपण म्हणाल, त्या काळी लोकांना माहिती नव्हती. तसे नाही. क्षयाचे जंतू हवेतून जातात, खोकल्यातून जातात, पेल्या-तांब्यातून जात नाहीत. योग्य औषध नियमित सुरू झाले म्हणजे साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांची दुसऱ्याला लागण देण्याची शक्ती ओसरते. आणि ह्याची परीक्षा आपल्याच देशात झाली होती. १९५६ नंतर मद्रासला क्षयाच्या रोग्यांचे दोन गट केले. काहींना आरोग्यधामात ठेवून औषध दिले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी. घरी राहिलेले रोगी आरोग्यधामातल्या रोग्यांसारखेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली असेही दिसले नाही. हे १९५९ साली छापून आले आणि पुढे जगभर क्षयाचा उपचार घरी करण्याची वाट ह्याच कामामुळे मोकळी झाली. म्हणजे मामांच्या पेल्याला ठिपका पडण्याआधी पंचवीसहून अधिक वर्षे हे ज्ञान उपलब्ध होते.

नियमही नव्हते असे नाही. महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या रजा नियमांत क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांची नावे घेऊन रजेची सोय केलेली आहे. मामांना रजा मिळाली, पगारही बुडाला नाही. नियमाने जे द्यायचे ते सगळे दिले. गेले ते आमच्या हातून गेले.

दुसरी गोष्ट मुंबईची आहे. ती कोर्टात गेल्यामुळे तिचा कागद सर्वांना वाचता येतो. एका सार्वजनिक महामंडळात एक मजूर वर्षानुवर्षे बदली कामगार म्हणून राबत होता. कायम करण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी झाली, तीत रक्तामध्ये एचआयव्हीचे विषाणू सापडले. अंगाने तो कामाला धड होता. तरीही त्याचे नाव कामगारांच्या यादीतून काढून टाकले. तो उच्च न्यायालयात गेला. १९९७ च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती तिपणीस आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी निकाल दिला. जो माणूस काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून कामाच्या जागी इतरांना खरा धोका नाही, त्याला केवळ ह्या विषाणूपायी कामावरून दूर ठेवणे घटनेला धरून नाही, असे त्यांनी ठरवले. देसाईबाई पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल.

परंतु माझे लक्ष त्या निकालातल्या दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. त्या खटल्याच्या मथळ्यावर मजुराचे नाव नाही. त्याला 'एमएक्स' म्हटले आहे आणि महामंडळाला 'झेडवाय'. दाद मागायची तर नाव उघडे पडते, आणि नाव उघडे पडू नये म्हणून माणूस दाद मागत नाही, हा पेच ओळखून न्यायालयाने नाव झाकून खटला चालवू दिला. मी ते वाचले तेव्हा माझी सुवाच्य अक्षरातली टिपणी आठवली. जे उच्च न्यायालयाला सुचले ते एका कारकुनाला बंद पाकीट वापरून करता आले असते, आणि पाकिटे तर माझ्याच कपाटात होती.

पुढे २०१७ साली ह्या आजारासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. नोकरीची अट म्हणून ही रक्ततपासणी मागता येत नाही, आणि एवढ्या कारणावरून कोणाला काढताही येत नाही. आमच्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातील हासेगावी, रवी बापटले यांनी २००७ साली अशा मुलांसाठी 'सेवालय' काढले. ती मुले गावच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा गावकऱ्यांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली होती. शाळेत जाणारी ती लेकरे आता मोठी झाली. ती काम मागायला कोठे जातील? आपल्याच गावांतल्या दुकानांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत.

आता जरा बरे वाटेल अशी हकीकत सांगते. किल्लारीचा भूकंप झाला, १९९३ चा, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी बदली लातूरला झाली. आमचे घरमालक एका आडत दुकानात मुनीम होते. आवाज असा की सौद्याच्या वेळी तीन दुकाने पलीकडे ऐकू जावा. तंबाखूचे व्यसन जुने. गालाच्या आत जखम झाली, भरेना. बार्शीच्या कर्करोग इस्पितळात दाखवले, तेथे किरणांचा उपचार कित्येक आठवडे चालला. परत आले तेव्हा आवाज गेलेला, तोंड कोरडे, भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय गिळवेना.

दुकानाचे शेठ एके दिवशी आमच्या वाड्यात आले. मी पडवीत तांदूळ निवडत होते, म्हणून सगळे कानावर पडले. शेठजी म्हणाले, "मुनीमजी, तुम्हाला काय काय जमेल ते तुम्हीच सांगा. मला वैद्यकातले कळत नाही." मुनीमजींनी पाटीवर लिहून दिले. रोकड आणि खतावणी जमेल, सौद्याला उभे राहणे जमणार नाही, तुरीची आवक जोरात असते त्या दिवसांत धूळ सोसणार नाही, सकाळी अकरा ते तीन बसता येईल. शेठजींनी पाटी वाचली आणि पगाराचे बोलले. सहा महिने पुरा, पुढे पाऊण. मला तेव्हा राग आला. एवढे श्रीमंत शेठ आणि पावपगार कापतात! मुनीमजींना तसे वाटले नाही. रात्री त्यांनी पाटीवर लिहून आपल्या मंडळींना सांगितले की, किती मिळणार ते एकदा कळले म्हणजे झोप येते. मेहेरबानीवरच्या पुऱ्या पगारापेक्षा ठरलेला पाऊण पगार त्यांना बरा वाटला.

आणखी एक केले ते मला फार उशिरा कळले. सौद्याचे काम दुकानातल्या दोघा पोरांवर पडले. ती कुरकुरत होती, आणि त्यांची कुरकूर खोटी नव्हती. शेठजींनी त्यांचा महिन्याचा पगार थोडा वाढवला आणि जास्तीच्या कामाचा म्हणून वाढवला, असे स्पष्ट सांगितले. त्यामुळे मुनीमजींवरचा त्यांचा राग गेला. आजाऱ्याचा भार इतरांच्या पाठीवर फुकट टाकायचा आणि मग इतरांनी माणुसकी दाखवावी म्हणायचे, असे पुष्कळ कचेऱ्यांतून चालते. त्यात आजारी माणूस दोन्हीकडून मरतो.

अर्थात शेठजींना हे परवडले. ज्याच्या टपरीवर एकच पोरगा कामाला आहे, त्याने काय करावे? त्याला मी शेठजींचा धडा देणार नाही. म्हणून तर सर्वांनी मिळून थोडे थोडे भरावे अशी कामगार विमा योजना १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. तीत येणाऱ्या कामगाराला साध्या आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीचा ७० टक्के हिस्सा मिळतो. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतो. आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाने कामगाराला काढू नये, असेही त्या कायद्याने सांगितले होते. सरकारी नोकराला आणखी एक आधार आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर काढता येत नाही, झेपेल त्या दुसऱ्या जागेवर त्याच वेतनश्रेणीत न्यावे लागते. १९९५ च्या कायद्यात हे होते आणि २०१६ च्या कायद्यातही आहे.

हे ऐकून बरे वाटते, पण आपल्या जिल्ह्यांतली किती माणसे ह्या छत्राखाली येतात? कंधार, लोहा, मुखेड इकडची जोडपी दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, ती कोणत्या नियमात बसतात? नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधी घेतलेली असते. बाई आजारी पडली तर कोयता थांबतो, म्हणजे दोघांची मजुरी जाते. वर दिवस पाडल्याबद्दल दंड बसतो, त्याला 'खाडा' म्हणतात. आजाराने मजुरी बुडते हे आपण समजू शकतो. आजारी पडल्याबद्दल उलट पैसे भरायचे, हे समजून घ्यायला जड जाते. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्याची कारणे पुष्कळ आहेत, डॉक्टरांची हाव हेही त्यात आहे. पण महिन्याचे चार दिवस आणि अंगावरचे दुखणे खाड्याच्या हिशेबात बसत नाही, हे एक मोठे कारण त्या बायांनीच सांगितले.

आणि 'खाडा' हा शब्द आपल्याला नवा आहे का, भगिनींनो? आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर भांडेवालीच्या नावाच्या फुल्या कोण मारते? "आज पुन्हा खाडा" असे आपणच म्हणतो. मीही म्हणते. भांड्याकुंड्यांना, धुण्याला येणाऱ्या बाईला ती विमा योजना लागू नाही, भरपगारी रजा नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरकामगारांसाठी कल्याणकारी मंडळाचा कायदा झाला, तरी आजारपणात तिच्या घरी दाणे पोहोचतील की नाही हे शेवटी आपल्या ओट्याशी ठरते. तेथे साहेब आपणच, आणि आस्थापना शाखाही आपणच. मंडळाच्या पापडांचेही तसेच. आपल्याला मालक म्हटले की आपण हसतो, पण जी रोज मोजून देते ती मालकच.

उपचाराच्या खर्चाची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. राज्याची जीवनदायी योजना २०१२ साली पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला नांदेड होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. ऑपरेशन त्यात होऊन जाते. पण ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांची ज्वारी त्यात नाही, पोरीच्या शाळेची व्हॅन नाही, घरभाडे नाही. मोठा आजार घर बुडवतो तो केवळ दवाखान्याच्या बिलाने नव्हे, बंद पडलेल्या रोजानेही. म्हणून "तू आराम कर, बरी झालीस की ये" हे वाक्य ऐकायला जितके गोड तितके ऐकणारीला जड.

कार्यकारिणीत जे आक्षेप आले ते कार्यवाहबाईंनी मला लिहून दिले आहेत, त्यांच्याकडे वळते.

पहिला आक्षेप लागण होण्याचा. खाण्याचा पदार्थ आपण विकतो, तेव्हा ही शंका वावगी नाही. विषमज्वर, कावीळ, हगवण असल्या दुखण्यांत अन्नापासून माणसाला लांब ठेवलेच पाहिजे, आणि तेथे भीड धरू नये. कर्करोग, हृदयाचा विकार, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह हे मात्र पापडाच्या लाटीतून कोणाला जात नाहीत. एचआयव्हीही जात नाही. पण कोणता आजार कोणत्या वर्गातला हे आपण चर्चा करून ठरवायचे कारणच काय? डॉक्टरांना एका ओळीत विचारावे की, ह्या कामात हिच्यापासून इतरांना धोका आहे काय, आणि असल्यास केव्हापर्यंत. उत्तरात आजाराचे नाव नसले तरी चालते. चालले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, एकीला सवलत दिली म्हणजे उद्या प्रत्येक जण चिठ्ठी घेऊन येईल. ह्याचे उत्तर मी अधिकाराने देऊ शकते. खोटी प्रमाणपत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. ती बहुतेक लग्नसराईत आणि पेरणीच्या दिवसांत येतात, आणि त्यांत कंबरदुखी व ताप हे दोनच आजार असतात. कर्करोगाचे खोटे प्रमाणपत्र तीस वर्षांत माझ्या टेबलावर एकही आले नाही. खऱ्या आजाराची माणसे तर कागद लपवतात, बळेच कामावर येतात, आणि एक दिवस जिन्यात बसलेली सापडतात.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रेमळ आहे. "तिच्या भल्यासाठीच सांगतो, तिला झेपणार नाही." भगिनींनो, तिला झेपणार नाही हे तिच्या आधी आपल्याला कसे कळले? आठवड्यातून दोनतीन दिवस चारचार तास डायलिसिसला जाणारी माणसे उरलेल्या दिवशी कचेऱ्या सांभाळतात. मी अशा एका बाईंच्या रजेचा हिशेब कित्येक वर्षे ठेवला. त्यांना वेळ ठरवून हवी होती, दया नको होती. दुसऱ्या एकीला मात्र खरोखरच काम नको होते, तिला अंथरुणावर पडून राहू दिले असते तर बरे झाले असते. आम्ही मात्र आग्रहाने तिला बोलावून आणत होतो, कामात मन रमेल म्हणून. दोघींनाही विचारायला हवे होते. आम्ही पहिलीला विचारले ते तिने स्वतःच बोलून दाखवले म्हणून.

हिशेबाचा आक्षेप कोषाध्यक्षबाईंचा आहे आणि तो खरा आहे. मंडळाची शिल्लक किती हे मला माहीत नाही. मंडळाने तिचे पुरे रोज वर्षभर द्यावे असे मी सांगणार नाही, कारण ते चार महिन्यांनी बंद पडेल आणि बंद पडताना कोणीतरी तिला चार शब्द ऐकवील. जेवढे निभेल तेवढेच ठरवा, पण आधी ठरवा आणि तिला महिना व आकडा सांगा. लाटणे झेपत नसेल तर वजन करणे, पिशव्या बांधणे, वही लिहिणे ही बसून करण्याची कामे आहेत. ती आज ज्या भगिनी करतात त्यांच्याशी मोकळेपणी बोलून अदलाबदल करा, आणि ज्यांच्याकडे जास्तीचे लाटणे जाईल त्यांना त्याचे पैसे द्या. उपचाराच्या काळात तिच्या जागी दुसरी कोणी घ्यावी लागली तर घ्या, पण त्या नवीन बाईला पहिल्याच दिवशी सांगा की ही जागा अमुक महिन्यापर्यंतची आहे. नाहीतर एकीचे दुखणे निभावताना दुसरीची फसवणूक होते. आणि डॉक्टरांचा कागद एकाच पाकिटात, एकाच कपाटात, एकाच किल्लीखाली राहू द्या. कार्यकारिणीच्या इतिवृत्तात "एका भगिनीची रजा मंजूर" एवढेच लिहावे. इतिवृत्ताची वही सर्वांसाठी उघडी असते, हे मी वेगळे सांगायला नको.

एक प्रश्न मला आज येथे येताना रिक्षातच एका भगिनीने विचारला. समजा, ती चार आठवडे दिसली नाही आणि शेजारणीने गृहउद्योगाच्या दाराशी येऊन विचारले की अमकी कोठे आहे, काय झाले तिला, तर खोटे बोलायचे काय? खोटे बोलू नये. "रजेवर आहे" म्हणावे. शेजारीण पुन्हा विचारील, "कसली रजा? बरी आहे ना?" तेव्हाही "रजेवर आहे, यायची आहे" एवढेच म्हणावे आणि पापड किती हवेत ते विचारावे. हे सोपे वाटते, पण मला ते कधी साधले नाही, म्हणून दोनतीनदा घरी म्हणून पाहावे असे सुचवते.

अध्यक्षबाईंनी घड्याळ दाखवले आहे. मी जे सुचवले ते एका कागदावर उतरवून आणले आहे. तो कागद कार्यवाहबाईंच्या हाती देते. बैठकीपूर्वी तो त्या भगिनीला दाखवावा, आणि तिला त्यात काही खोडायचे असेल तर खोडू द्यावे.